पाकिटावरचे अकरा किलो

एमजी-९९६आर हा सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी छोटी मोटर, आपल्याकडच्या इंजिनिअरिंग प्रोजेक्टांचा हक्काचा गडी. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नुसतं नाव घ्या, काउंटरवरचा माणूस वर न बघता काढून देतो. त्याची जाहिरात होते ‘११ किलो’ म्हणून. ५५ ग्रॅमची डबी अकरा किलो उचलणार म्हटल्यावर कुणालाही हुरूप येतो. मग ॲक्रिलिक कापून रोबोटचा हात तयार होतो, खांद्याला हा सर्वो बसतो, आणि शंभर ग्रॅमचा ठोकळा उचलताना हात लटपटायला लागतो. दुकानदाराच्या नावाने खडे फोडले जातात. बाजारात नकली माल भरपूर आहे, त्यामुळे कधीकधी ते रास्तही असतं. पण पुष्कळदा आकडा खरा असतो आणि त्याच्यामागची अट कुणी वाचलेली नसते.

रोबोटिक्सच्या मूलभूत संज्ञांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. टॉर्क म्हणजे अमुक, एन्कोडर म्हणजे तमुक. त्या पाठ होतात, व्हायव्हाला उपयोगी पडतात आणि हात जोडायला बसलं की कामाला येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक संज्ञा आपल्यासोबत एक अट घेऊन येते आणि याद्यांमध्ये नेमकी तीच गळून जाते. म्हणून इथे यादी नको. टेबलावरचा सहा सर्वोंचा एक हात घेऊ आणि तो जिथे जिथे दगा देतो तिथे थांबत जाऊ.

पहिली गोष्ट, ते अकरा किलो नसतात, अकरा किलो-सेंटिमीटर असतात. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो बल गुणिले अंतर असा मोजतात. जात्याचा खुंटा मधोमध न ठोकता कडेला ठोकतात ते याचसाठी. अकरा किलो-सेंटिमीटर म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर अकरा किलो, दहा सेंटिमीटरवर १.१ किलो आणि पंचवीस सेंटिमीटरवर जेमतेम ४४० ग्रॅम. शास्त्रीय एककात हे साधारण १.०८ न्यूटन-मीटर होतात.

आता आपल्या हाताचा हिशोब मांडू. खांद्यापासून टोकापर्यंत पंचवीस सेंटिमीटर. कोपराचा सर्वो ५५ ग्रॅम, खांद्यापासून १२ सेंटिमीटरवर, म्हणजे ०.६६ किलो-सेंटिमीटर. मनगटाचा तसलाच सर्वो २० सेंटिमीटरवर, १.१. पंजा त्याच्या सर्वोसकट १०० ग्रॅम धरला आणि तो २४ सेंटिमीटरवर असला, तर २.४. ॲक्रिलिकच्या पट्ट्या ८० ग्रॅम, वजनाचा मध्य १२ सेंटिमीटरवर, ०.९६. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो शंभर ग्रॅमचा ठोकळा टोकाला, २.५. बेरीज ७.६२ किलो-सेंटिमीटर. यातला ठोकळ्याचा वाटा एक तृतीयांश. बाकी दोन तृतीयांश हात स्वतःलाच उचलण्यात खर्च करतो. हा हिशोब हात आडवा पसरलेला असतानाचा आहे आणि तीच सर्वांत वाईट स्थिती. हात उभा झाला की हाच आकडा शून्याकडे जातो.

७.६२ हे ११ पेक्षा कमी आहे, मग अडचण काय? अडचण अशी की ११ हा स्टॉल टॉर्क आहे, आणि तोही ६ व्होल्टवरचा. ४.८ व्होल्टवर तोच सर्वो ९.४ वर येतो. स्टॉल म्हणजे मोटर पूर्ण जोर लावते आहे आणि शाफ्ट जागचा हलत नाही. या अवस्थेत वेग शून्य, म्हणून यांत्रिक काम शून्य. करंट मात्र सर्वांत जास्त, या सर्वोला सुमारे २.५ अँपिअर. ६ व्होल्ट गुणिले २.५ अँपिअर म्हणजे १५ वॅट, आणि ते सगळेच्या सगळे उष्णता होऊन त्या छोट्याशा प्लॅस्टिकच्या डबीत अडकतात. डबी हाताला चटका देते, मग वास येतो, मग वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, जातं. साध्या डीसी मोटरचं गणित सरळ रेषेचं असतं. भार नसताना वेग सर्वाधिक, स्टॉलला टॉर्क सर्वाधिक, आणि खरी ताकद मिळते ती दोन्हींच्या अर्ध्यावर. म्हणून सतत लागणारा टॉर्क स्टॉलच्या एक तृतीयांशापर्यंत ठेवायचा, अगदीच ताणलं तर निम्म्यापर्यंत. या हिशोबाने आपल्या खांद्याला पाच-साडेपाचच्या वर भार नको होता, आणि आपण तर साडेसातच्या पुढे.

यावर मोठा सर्वो घेणं हा सगळ्यांना सुचणारा आणि सगळ्यांत महाग उपाय. त्याआधी हाताची लांबी कमी करून बघावी. लांबी कमी झाली की ठोकळ्याचा टॉर्कही घटतो आणि हाताच्या स्वतःच्या वजनाचाही. दुसरं म्हणजे कोपराचा सर्वो कोपरात न बसवता खांद्याजवळ बसवायचा आणि जोडदांड्याने कोपर हलवायचं. तिसरा उपाय स्प्रिंगचा किंवा साध्या रबरबँडचाही, वजनाच्या विरुद्ध बाजूला ताणून लावायचा. हा शेवटचा उपाय जुगाड वाटतो, पण कारखान्यातल्या मोठ्या रोबोटांच्या खांद्याजवळ जो जाडजूड सिलिंडर दिसतो तो हेच काम करत असतो.

यांत्रिक बाजू सावरली की विजेची बाजू रडायला लागते. हा बिघाड जवळून बघण्यासारखा आहे, कारण बहुतेक जण तो प्रोग्रॅममध्ये शोधत बसतात. सहाही सर्वो आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर, आणि उनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. प्रोग्रॅम सुरू झाल्या झाल्या सगळ्या सर्वोंना ९० अंशांवर जायचा हुकूम मिळतो. मोटर थांबलेली असताना तिच्यात विरुद्ध व्होल्टेज तयार झालेलं नसतं, म्हणून सुटण्याच्या क्षणी ती जवळजवळ स्टॉलइतकाच करंट ओढते. सहा सर्वो एकदम सुटले तर क्षणभराची मागणी १५ अँपिअरपर्यंत जाऊ शकते. यूएसबीच्या वाटेवर उनोवर जो फ्यूज आहे तो ५०० मिलिअँपिअरचा. व्होल्टेज कोसळतं, २.७ व्होल्टच्या खाली गेलं की मायक्रोकंट्रोलर स्वतःला रीसेट करतो. याला ब्राउनआउट म्हणतात. रीसेट झाला की मोटरा सुटतात, व्होल्टेज पुन्हा वर येतं, प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि पुन्हा सहाही सर्वोंना तोच हुकूम जातो. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की हात दर दीड-दोन सेकंदांनी एक झटका देतो आणि मान टाकतो. कोड शंभर वेळा वाचला तरी त्यात काही सापडत नाही, कारण तिथे काही चुकलेलंच नसतं.

इलाज साधा आहे. सर्वोंना वेगळा ६ व्होल्ट, १० अँपिअरचा पुरवठा. मोबाइलचा चार्जर नव्हे. पुरवठ्याच्या टोकांवर १००० किंवा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन-ऋण नीट बघून. उलटा लागला तर फुटतो. सर्वो एकेक करून, मध्ये शे-दोनशे मिलिसेकंद सोडून सुरू करायचे. आणि पुरवठ्याचं ग्राउंड उनोच्या ग्राउंडला जोडायचं. हे शेवटचं हमखास राहतं. सिग्नलचे ५ व्होल्ट हे कशाच्या तुलनेत ५ आहेत, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असावं लागतं. सामायिक ग्राउंड नसेल तर सर्वो मनात येईल तसा फिरतो किंवा नुसता गुरगुरतो. मोटरांचा करंट ब्रेडबोर्डमधूनही (सोल्डर न करता तारा खोचायच्या बोर्डमधून) नेऊ नये. त्या बारीक जंपर तारांमध्ये अडीच अँपिअरला तीस सेंटिमीटर जाऊन-येऊन ०.३ व्होल्टच्या आसपास गळतात, बोर्डाच्या आतल्या चिमट्यांमध्ये आणखी.

सर्वोला हुकूम जातो तो पल्सच्या, म्हणजे विजेच्या छोट्या ठोक्यांच्या रूपाने. दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, आणि तिची रुंदी म्हणजे कोन. दीड मिलिसेकंद म्हणजे मध्य. सर्वोच्या पोटात एक पोटेन्शिओमीटर असतो, तो शाफ्टचा खरा कोन सांगतो आणि आतलं सर्किट फरक शून्य होईपर्यंत मोटर फिरवतं. म्हणजे सर्वोच्या आत क्लोज्ड लूप आहे. पण तुमच्या प्रोग्रॅमच्या बाजूने बघितलं तर सगळं ओपन लूप. हात अडकला, गिअर तुटला किंवा सर्वोची तार निघाली, तरी प्रोग्रॅमला वाटतं आपण ९० अंशांवर पोचलो. ‘सर्वो म्हणजे फीडबॅक’ असं पाठ केलेल्यांची इथे हमखास फसगत होते. फीडबॅक आहे, पण तो कुणाला मिळतो आहे हे बघायचं.

स्टेपर मोटरकडे तर तेवढंही नसतं. एका फेऱ्याला २०० पावलं, एक पाऊल १.८ अंश. पल्स दिल्या तेवढी पावलं पडली असं गृहीत धरायचं. भार वाढून दोन-चार पावलं हुकली तर कुणालाच पत्ता नाही. म्हणूनच थ्रीडी प्रिंटरसारखी यंत्रं चालू झाली की आधी लिमिट स्विचला जाऊन टेकतात, थोडं मागे येतात आणि सावकाश पुन्हा टेकतात. ते होमिंग. जाता जाता एक, ‘नेमा १७’ हे मोटरच्या ताकदीचं नाव नाही. तोंडाची चौकोनी पट्टी १.७ इंचाची आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच मापात लांबी वेगळी, टॉर्क वेगळा, करंट वेगळा.

परत हाताकडे येऊ. आता थरथर थांबली आहे, पण टोक हवं तिथे जात नाही. आधी हॉर्न, म्हणजे सर्वोच्या शाफ्टवर चढवायची पट्टी, बघावा. या सर्वोच्या शाफ्टला २५ दाते असतात, म्हणजे हॉर्न एक दाता पुढे-मागे बसला की १४.४ अंशांचा फरक. आधी सर्वो मध्यावर आणायचा, मग हॉर्न चढवायचा, मधला स्क्रू आवळायचा आणि उरलेला फरक प्रोग्रॅममध्ये मायक्रोसेकंदांत भरून काढायचा. उलट्या क्रमाने केलं तर एका बाजूला हात टोकाच्या आधीच अडतो आणि सर्वो तिथे स्टॉल होऊन भाजत बसतो.

मग येतो बॅकलॅश. वर्कशॉपात त्याला ‘प्ले’ म्हणतात. गिअरच्या दात्यांमध्ये जी बारीक फट असते तिच्यामुळे दिशा बदलताना मोटर फिरते आणि शाफ्ट काही क्षण नुसता बघत राहतो. फट अजिबात ठेवली नाही तर दाते घासतात, गरम होतात, अडकतात. त्यामुळे ती थोडी असावीच लागते. पण खांद्यातला एक अंशाचा प्ले पंचवीस सेंटिमीटरवर ४.४ मिलिमीटर होतो. हात आडवा असताना वजन दात्यांना एकाच बाजूला दाबून ठेवतं, म्हणून प्ले जाणवत नाही. हात उभ्या रेषेला ओलांडून पलीकडे झुकला की वजनाची बाजू बदलते आणि ‘खट्’ आवाज करून तो तेवढा कलंडतो. उपाय म्हणजे महत्त्वाच्या जागी नेहमी एकाच बाजूने पोचायचं. औद्योगिक रोबोटांच्या लहान सांध्यांमध्ये यासाठी हार्मोनिक ड्राइव्ह असतो. वॉल्टन मसर या अमेरिकन अभियंत्याने १९५० च्या दशकात शोधलेला. पातळ, लवचिक पोलादी वाटीला बाहेरून समजा २०० दाते, तिच्याभोवतीच्या कड्याला आतून २०२. आतला लंबगोल तुकडा वाटीला दोन बाजूंनी कड्यावर दाबत फिरतो. त्याचा एक फेरा झाला की वाटी दोन दाते मागे सरकते. एवढ्याशा जागेत शंभरास एक गिअर रेशो, आणि एका वेळी बरेच दाते अडकलेले असल्यामुळे प्ले नसल्यातच जमा.

गिअर रेशो म्हटलं की टॉर्क वाढतो आणि वेग तेवढ्याच पटीने घटतो, हे सगळ्यांना पाठ असतं. यातली अट कार्यक्षमतेची. स्वस्त गिअरबॉक्समध्ये प्रत्येक जोडीमागे थोडी शक्ती घर्षणात जाते, म्हणून कागदावर ४८ पट दिसणारा टॉर्क हातात तेवढा पडत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जोडी: अचूकता आणि पुनरावृत्ती, म्हणजे ॲक्युरसी आणि रिपीटेबिलिटी. रोबोटच्या ब्रोशरवर ‘±०.०५ मिमी’ असं जे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते जवळजवळ नेहमी रिपीटेबिलिटीचं असतं. एकदा शिकवलेल्या जागी रोबोट पुन्हा पुन्हा किती जवळ येतो, एवढंच ते सांगतं. आयएसओ ९२८३ या मानकात ते मोजण्याची रीत दिली आहे: ठरलेला भार, ठरलेला वेग, त्याच बिंदूला तीस वेळा जायचं आणि पसारा किती पडतो ते बघायचं. ‘एक्स ८००, वाय २००, झेड ३५० वर जा’ असं नुसत्या आकड्यांनी सांगितल्यावर रोबोट खरोखर तिथे जातो का, हा वेगळा प्रश्न आणि त्याचं नाव अचूकता. कॅलिब्रेशन न केलेल्या रोबोटात इथे मिलिमीटरभर किंवा त्याहून जास्त फरक सहज निघतो. सांध्यांमधलं खरं अंतर कंट्रोलरच्या नकाशातल्या अंतराशी तंतोतंत जुळत नाही, सांध्यांचे शून्य किंचित सरकलेले असतात, हात वजनाने वाकतो. ॲल्युमिनियमचा एक मीटरचा भाग दहा अंश सेल्सिअस तापला की ०.२३ मिलिमीटर वाढतो, म्हणजे ब्रोशरवरच्या आकड्याच्या चौपट-पाचपट.

चाकणच्या पट्ट्यात वेल्डिंगच्या रोबोटाला टीच पेंडंट, म्हणजे त्याचा बटणांचा रिमोट, हातात धरून एकेक बिंदू शिकवला जातो, तिथे रिपीटेबिलिटी पुरते. अचूकता कमी असली तरी माणसाच्या डोळ्याने ती आधीच भरून काढलेली असते. पण तेच काम संगणकावर ऑफलाइन प्रोग्रॅम करायचं ठरवलं, किंवा कॅमेऱ्याने वस्तूची जागा काढून रोबोटला सांगायची ठरवली, की गाडं अडतं. पडद्यावर वेल्डिंगची टॉर्च बरोबर शिवणीवर आणि जागेवर दोन मिलिमीटर बाजूला. रोबोट खराब नसतो, खरेदीच्या वेळी भलताच आकडा बघितलेला असतो. मोटर बदलल्यावर किंवा एन्कोडरची (सांध्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरची) बॅकअप बॅटरी संपल्यावरही हेच होतं. सांध्याचा शून्य हरवतो, आणि पुन्हा मास्टरिंग करेपर्यंत, म्हणजे शून्य नव्याने ठरवेपर्यंत, शिकवलेले सगळे बिंदू एकजात सरकलेले.

या दोघींची तिसरी बहीण म्हणजे रिझोल्यूशन, हलवता येईल असं लहानात लहान पाऊल. आपल्या टेबलावरच्या हाताला आर्डुइनोच्या नेहमीच्या सर्वो-आज्ञेने कोन पूर्ण अंशांतच देता येतो, म्हणजे टोकाला ४.४ मिलिमीटरच्या उड्या. मायक्रोसेकंदांत हुकूम दिला तर पावलं बारीक होतात, पण या सर्वोला सुमारे ५ मायक्रोसेकंदांचा डेड बँड आहे. तेवढ्या बदलाकडे तो ढुंकून बघत नाही. साधारण ११ मायक्रोसेकंदांना एक अंश धरला तर टोकाला दोन मिलिमीटर. याहून बारीक काम या हाताकडून अपेक्षितच नाही.

किटांच्या जाहिरातीत ‘सिक्स डीओएफ’ लिहिलेलं असतं, त्याबद्दल थोडं वाकडं बोलायलाच हवं. डिग्री ऑफ फ्रीडम म्हणजे स्वतंत्रपणे हलण्याचे प्रकार. अवकाशात वस्तू हवी तिथे आणि हवी तशी धरायची तर सहा लागतात, तीन जागेचे आणि तीन रोखाचे. किटवाले सहा सर्वो मोजतात, आणि सहावा असतो पंजा उघडमिट करणारा. पंजा मिटल्याने टोकाची जागा बदलत नाही, रोखही नाही. म्हणजे खरे पाचच, आणि एखादा तिरका कोन असा निघतोच की तो हात तिथे पोचतो पण वस्तू वळवू शकत नाही. पाच कमी आहेत असं मात्र नाही. जपानच्या हिरोशी माकिनो यांनी विकसित केलेल्या स्कारा रोबोटला चारच असतात. वरून खाली घटक बसवायला किंवा स्क्रू आवळायला तेवढे पुरतात.

सहा असूनही काही ठिकाणी एक वजा होतो. मनगटातला पाचवा अक्ष सरळ झाला की चौथा आणि सहावा एकाच रेषेत येतात, दोघं एकच काम करू लागतात. ही सिंग्युलॅरिटी. टोकाला सरळ रेषेत, ठरल्या वेगाने न्यायचं म्हटलं तर इथे सांध्यांना अफाट वेगाने गरकन फिरावं लागतं. कंट्रोलर एरर देऊन थांबतो. प्रोग्रॅमशी झटापट करण्यापेक्षा वस्तू धरणारी जिगच पाच-दहा अंशांनी तिरकी बसवणं बहुधा स्वस्त पडतं.

सर्वो सोडून स्वतःची मोटर आणि एन्कोडर घेतला की पीआयडी, म्हणजे चूक बघून मोटरचा जोर ठरवण्याची रीत, वाट्याला येतं. १९२२ साली निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसाठी मांडलेलं हे गणित आजही पहिल्या पसंतीचं आहे. पी म्हणजे चूक जेवढी तेवढा जोर. पण हात वजनाविरुद्ध धरून ठेवायचा तर सतत जोर हवा, आणि पीकडे जोर येतो फक्त चुकीतून, म्हणून हात नेमका थोडा खालीच थांबतो. ती उरलेली चूक आय साठवत जातो आणि हळूहळू वर ढकलतो. हात कशाला अडकला तर मात्र तो साठवतच राहतो, आणि अडथळा निघाल्या निघाल्या हात पलीकडे झेप घेतो. याला वाइंडअप म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे साठ्याला कमाल मर्यादा घालणं. डी वेग बघून आधीच ब्रेक लावतो, पण सेन्सरच्या खरखरीलाही तो वेग समजतो. आधी आय आणि डी शून्य ठेवून पी वाढवायचा, हात डोलायला लागला की निम्म्यावर आणायचा, मग डी, शेवटी चिमूटभर आय. आणि लूप ठरल्या वेळेनेच चालला पाहिजे; मध्ये कुठे ‘डिले’ ठेवला असेल तर आकडे कितीही बदला, हात शहाणा होत नाही.

पेलोडचीही, म्हणजे रोबोट पेलू शकेल त्या वजनाचीही, एक अट आहे. ५ किलो पेलोडच्या रोबोटला दीड किलोचा ग्रिपर लावला की वस्तूसाठी साडेतीन उरतात, आणि ग्रिपर लांबुडका असेल तर त्याहून कमी, कारण वजनाचा मध्य मनगटापासून दूर गेला की पुन्हा तोच टॉर्क.

राहिलं लाल बटण. पिवळ्या पाठीवरचं, छत्रीसारखं, दाबलं की अडकून बसणारं. त्याचा संपर्क ‘नॉर्मली क्लोज्ड’ असतो, म्हणजे सगळं ठीक असताना करंट वाहत असतो आणि दाबल्यावर तुटतो. तार उंदराने कुरतडली तरी रोबोट थांबतो, हा त्यातला फायदा. हौशी लोक हमखास ‘नॉर्मली ओपन’ लावतात आणि तो प्रोग्रॅममध्ये वाचतात. प्रोग्रॅम लटकला तर बटणही लटकतं. ते मोटरांच्या पुरवठ्याच्या वाटेतच असायला हवं, निदान त्या पुरवठ्याच्या काँटॅक्टरच्या (जड करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) वाटेत. औद्योगिक रोबोटाची वीज गेली की सांध्यांतले स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळतात आणि हात असेल तिथे राहतो. टेबलावरच्या सर्वोंच्या हाताला असे ब्रेक नसतात, वीज तुटली की तो खाली पडतो, तेव्हा बटण दाबताना त्याच्याखाली बोटं नसावीत. आणि बटण फिरवून सोडल्यावर हात आपणहून सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळं स्टार्ट बटण लागतं.